दोन दिवसांचं घरगुती लोकनृत्य शिबिर करायचंय, १४ कुटुंबं, काय ठेवू काय नको?

तळ्याकाठची
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतली १४ कुटुंबं दरवर्षी जानेवारीत कुठेतरी दोन दिवस जातो. गेली तीन वर्षं तेच ते, हुरडा, कॅरम, रात्री स्पीकर लावून नाच, आणि पोरं कोपऱ्यात मोबाईल घेऊन. यंदा माझ्या तोंडून मीटिंगमध्ये निघून गेलं की आपण लोकनृत्य आणि वाद्यांची शिबिरं ठेवूया ना, लहानमोठे सगळे मिळून शिकूया, आणि आता ते माझ्याच गळ्यात पडलंय :(

जागा ठरली आहे, पानशेतच्या अलीकडे एका ओळखीच्यांचं फार्महाऊस, पुढे शेणानं सारवलेलं मोठं अंगण, मागे एक टाइल्सचा हॉल. माणसं ५२, सगळ्यात लहान चार वर्षांची, सगळ्यात मोठे ७६ चे आजोबा. मी एक यादी केली आहे: लेझीम, फुगडी-झिम्मा, ढोलकी, हलगी, गोंधळ, पोवाडा, कोळीनाच, तारपा, जाखडी, भारुड. प्रत्येकी ४५ मिनिटं धरली तर शनिवारी पाच आणि रविवारी पाच बसतात आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांचं सादरीकरण. जमेल का हे? शिकवणारे कुठून आणायचे? आणि १३ ते १७ वयाची सात कार्टी आहेत ती काही केल्या हलणार नाहीत असं त्यांच्या आयांचं म्हणणं आहे, त्यांचं काय करू? नवरा म्हणतोय यादी बघून की हे शिबिर आहे का प्रजासत्ताक दिनाचा चित्ररथ.

ओसरीवर
नवऱ्याला माझा नमस्कार सांगा, बरोबर बोलले ते :)

ताई, दहा नाही, तीन. फार तर चार. आम्ही आमच्या गावी भावंडं-चुलत-आते-मामे मिळून असं तीन वेळा केलंय आणि पहिल्या वर्षी तुमच्यासारखीच यादी केलेली. ४५ मिनिटांत काय होतं सांगतो, पहिली १५ मिनिटं माणसं गोळा करण्यात जातात (कोणीतरी अंघोळीला, कोणीतरी चहा घेतंय), मग शिकवणारा वाद्याची ओळख करून देतो, मग पाय कुठे जरा पडायला लागतात तोवर पुढचा गुरुजी घड्याळ दाखवत उभा. दिवसाच्या शेवटी एकालाही एकही गोष्ट धड येत नाही. लेझीमचंच बघा, पहिला तासभर सगळा खुळखुळाटच असतो, कान किटतात, आणि मग दीड तासाच्या सुमाराला कधीतरी अचानक पन्नास लेझमा एकदम वाजतात, छन्न्, आणि सगळे एकमेकांकडे बघून हसतात. तो क्षण यायला दीड तास द्यावा लागतो हो, तुम्ही ४५ व्या मिनिटाला कोळीनाच सुरू केलात तर तो येणारच नाही.

दुसरं म्हणजे सादरीकरण काढून टाका. कुणासमोर करणार? सगळेच तर शिकणारे. सादरीकरण म्हटलं की आया पोरांच्या मागे लागतात, "नीट कर, हात वर", आणि बाबा लोक व्हिडिओ काढायला बाजूला जातात ते परत रिंगणात येतच नाहीत. त्याऐवजी शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी नुसतं गोल करून जे शिकलो ते करत राहायचं, ज्याला थकवा आला तो बाहेर बसेल.

फुगडी_अजून_घालते
मी ६३ वर्षांची, आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे, श्रावणात मंगळवारी उसंत नसते. फुगडीबद्दल लिहिते कारण लोकांना वाटतं त्यात काय शिकायचं, आणि मग मनगटं मुरगळून बसतात.

पहिलं, काचेच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. दुसरं, बोटांत बोटं घालून फुगडी घालायची नाही, हात फुलीसारखे करून समोरचीचं मनगट धरायचं, तिनं तुमचं. घामानं सुटतात म्हणून हाताला पावडर किंवा सरळ माती लावा. पाय जवळ, चवडे समोरासमोर जुळलेले, आणि अंग मागे टाकायचं, इथेच सगळे घाबरतात. मागे रेलल्याशिवाय गती येत नाही आणि रेलायचं तर समोरचीवर भरवसा पाहिजे. नवरा-बायको जोड्या लावून बघा, गंमत असते, कोण कुणाला किती सोडतं ते लगेच कळतं.

बसफुगडी पन्नाशीच्या पुढच्यांना देऊ नका, गुडघे राहत नाहीत. त्यांना झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं द्या, सुपाला ताल लागतो आणि बसूनही जमतं. लाटणी घेऊन लाट्या मुलांना फार आवडतं. आणि हे सगळं त्या सारवलेल्या अंगणातच, टाइल्सवर अजिबात नाही, जरा पाणी सांडलं की आपटलात.

पुरुषांना वगळू नका हं. आमच्याकडे एका लग्नात जावयांची दंडफुगडी लावली होती तर त्यातला एक बँक मॅनेजर तीन दिवस सांगत होता की लहानपणी आईबरोबर घालायचो.

रिकामटेकडा_पुणे
एवढा खटाटोप करून शेवटी रात्री ९ ला सगळे "एक तरी डीजेचं गाणं लावा" म्हणणार. लिहून घ्या.

ओसरीवर
@रिकामटेकडा, लावू दे की. रात्री दहाला बंद करा म्हणजे झालं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर चालत नाही आणि फार्महाऊस म्हणजे काही जंगल नव्हे, शेजारी वस्ती असते, त्यांच्या म्हशी असतात.

गडहिंग्लजचा_गडी
लेझीम शिकवायला माणूस शोधताना एक विचारा, शाळेची लेझीम का तालमीची. शाळेची म्हणजे हलकी, हुकमावर, एक-दोन-तीन-चार, २६ जानेवारीला असते ती. तालमीची म्हणजे दांडा, धनुकलीसारखी साखळी, वजनदार, ती मुळात व्यायामाची. अर्धा तास खेळली की खांदे आणि मांड्या बोलायला लागतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सांगलीकडच्या पोरांनी लेझीम केलेली, आमच्या भागात अजून म्हातारी माणसं त्याचं सांगतात. तुमच्या गटाला शाळेचीच बरी, पण दोन-तीन वजनदार पण ठेवा, ती सात कार्टी आहेत ना त्यांच्या हातात द्या आणि म्हणा "दहा मिनिटं खेळून दाखव". बघा कशी हलतात.

आणि लेझीम कृपा करून मोबाईलच्या ट्रॅकवर करू नका. हलगी पाहिजे. आमच्याकडे हलगी, घुमकं आणि कैताळ (मोठ्या झांजा) हे त्रिकूट असतं, हलगी बोलते, घुमकं तिला खालून धरतं. वाजवणारा माणूस समोर असला की तो तुमच्याकडे बघून लय ठरवतो, म्हातारा दमला की हळू, पोरं तापली की वाढवतो. ट्रॅकला काय कळतंय कोण दमलंय.

हलगी शिकवायची असेल तर एक गोष्ट. एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि दोन्हीचं काम वेगळं, पोटावर थाप मारून डोकं चोळायचा खेळ असतो ना तसं होतं सुरुवातीला. जानेवारीत पहाटे दव पडतं, चामडं सैल होतं, हलगी नुसती भद्द वाजते. मग गवत-कागद पेटवून त्याच्यावर धरून शेकायची, मधेमधे बोटानं टिचकी मारून बघायचं, आवाज ठण्ण यायला लागला की काढायची. हे पोरांना जरूर दाखवा, मला वाटतं वाजवण्यापेक्षा हेच लक्षात राहतं. माझ्या पोराच्या तर राहिलंय.

संबळ_आणि_मी
बरेच दिवस वाचतोय इथे, लिहीत नाही सहसा. पण यादीत "गोंधळ ४५ मिनिटं" वाचलं म्हणून लिहितो.

आमचं घर गोंधळ्यांचं. आजोबा, वडील, आता मी सुट्टीच्या दिवशी (बाकी नोकरी आहे). गोंधळ हा विधी आहे ताई, चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं. ते सगळं रात्रीचं काम, आणि ज्या घरचा कुळाचार असतो त्या घरासाठी असतं. तुम्हाला तो तसा करायचा असला तर करा, कोणी नाही म्हणणार नाही, पण मग तो गोंधळच करा, त्याचा "आयटम" नको. आणि नुसतं संबळ शिकायचं असेल तर तेही आनंदानं शिकवतो आम्ही, त्यात काही कमीपणा नाही. दोन्हीतलं काय पाहिजे ते आधी बोला, एवढंच. संबळ ही जोडी असते, एक बारीक आवाजाचं एक जाड, कमरेला बांधून काठ्यांनी वाजवतात, त्यातल्या एका काठीचं टोक वाकडं असतं. लहान पोरांना ती वाकडी काठी बघूनच हसू येतं.

आता पैशाचं बोलतो, राग मानू नका. मागे एका ठिकाणी आम्हाला असंच "फॅमिली वीकेंड" ला बोलावलेलं. सकाळी ११ ची वेळ दिलेली. आधीचे कार्यक्रम लांबले म्हणून आम्ही चौघं दुपारी चारपर्यंत एका पत्र्याच्या शेडखाली बसून, वडील तेव्हा सत्तरीचे. जेवायला पंगत उठल्यावर बोलावलं. मग वीस मिनिटं वाजवून घेतलं, शाल आणि नारळ दिला, फोटो काढले आणि गाडीभाड्याचं विचारलं तर म्हणाले मानधनाचं बोलणं झालंच नव्हतं ना. वडील काही बोलले नाहीत, येताना एसटीत नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

तेव्हा, आकडा आधी ठरवा, प्रवास वेगळा धरा, अर्धे आगाऊ पाठवा. आणि माणसाला तुमच्याच पंगतीत जेवायला बसवा. जमलं तर रात्री मुक्कामालाच ठेवा, घरच्यांना घेऊन या म्हणा. खरं शिकवणं मधल्या वेळात होतं, चहा पिताना कोणी पोरगं येऊन विचारतं हे असं का, तेव्हा.

तळ्याकाठची
@संबळ_आणि_मी, वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. यादीतून "गोंधळ ४५ मिनिटं" खोडलं. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, संबळ शिकवायला तुम्ही आणि वडील याल का? तारीख तुमच्या सोयीनं पुढेमागे करू.

बाकी सगळ्यांना धन्यवाद. दहाची यादी पाचावर आणली: लेझीम-हलगी, फुगडी-झिम्मा, संबळ, पोवाडा, तारपा.

डहाणू_लोकल
तारपा पण खोडा :) अहो म्हणजे तारपा वाईट नाही, उलट, माझ्यासारख्याला तर तो आवाज लांबून आला तरी अंगावर काटा येतो. पण ४५ मिनिटांत तो वाजवायला शिकवणार कोण? वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा असं ते वाद्य, आणि वाजवणारा श्वास तुटू न देता फुंकत राहतो, गाल फुगलेले. तुमच्यातल्या एकाच्याही तोंडून फुर्र शिवाय काही निघणार नाही. नाच मात्र करता येईल, पण त्यासाठी तारपकरी पाहिजे आणि तो इकडून पानशेतला यायचा म्हणजे त्याचे तीन दिवस मोडतात. भातकापणीच्या सुमाराला तुम्हीच या जव्हार-डहाणूकडे. एकमेकांच्या कमरेला धरून साखळी, पुढे घुंगरकाठीवाला, मधे तारपकरी, त्याच्याकडे पाठ करायची नाही, त्यानं चाल बदलली की पाय बदलायचे. वारली चित्रात तो गोल-गोल नागमोडी नाच असतो ना तोच. तो बघायला माणसानं जावं, इकडे उचलून आणू नये असं माझं मत.

डिचोलीकर
आमच्या गोव्याचं घुमट कुणीच काढलं नाही म्हणून मीच काढतो. मातीचं मडकं, दोन्हीकडे तोंड, मोठ्या तोंडाला चामडं, लहान तोंड उघडं, त्यावर डाव्या हाताचा तळवा उघडझाप करायचा की आवाज घुमतो. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात, जुने लोक नाकं मुरडतात पण वाजतं चांगलं. २०१९ मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मुलांच्या शिबिराला हे एकदम फिट, कारण मडकं आहे, पहिल्याच थापेला आवाज येतो. फक्त गाडीतून नेताना मधे गोधडी घाला, माझी दोन आंबोली घाटात फुटलीत.

एडिसनचा_जोशी
इकडे अमेरिकेत राहतो, थोडं विषयांतर. न्यू इंग्लंडकडे काँट्रा डान्स म्हणून प्रकार आहे, आम्ही मुलांना घेऊन एका वीकेंडला गेलो होतो. समोरासमोर दोन लांब रांगा, कोपऱ्यात फिडलवाले, आणि एक कॉलर असतो, तो आधी एकदा चालून दाखवतो आणि मग नाच सुरू असताना पुढची स्टेप ओरडून सांगत राहतो. आमच्यासारखे नवखे आणि चाळीस वर्षं नाचणारे आजोबा एकाच रांगेत, दर फेरीला जोडी पुढे सरकते, त्यामुळे तासाभरात हॉलमधल्या प्रत्येकाचा हात हातात येऊन गेलेला असतो. माझ्या मुलीला पहिल्या फेरीत एका आजींनी अक्षरशः ढकलत फिरवलं. हे बघून मला आपल्या लेझमीचा हुकूम देणारा आठवला, तोच तर कॉलर. तेव्हा सुचवायचं एवढंच की वयाप्रमाणे गट पाडू नका. मोठे तिकडे, लहान इकडे असं केलं की ते परत शाळा होतं.

फुगडी_अजून_घालते
+१ गट न पाडण्याला. चार वर्षांची पोर आजोबांच्या बोटाला धरून नाचली की दोघांचाही वेग सारखाच असतो :)

ओसरीवर
पोवाड्याबद्दल एक. तयार पोवाडा पाठ करून घेऊ नका. डफ, तुणतुणं आणि झांज आणा, एक जण शाहीर, बाकीचे मागे झीलकरी, आणि शब्द त्यांचे त्यांनाच करायला लावा. आमच्या पोरांनी सोसायटीच्या टँकरवर केला होता, सुरुवात आठवते:

"शनिवारची सकाळ, साडेसहाची वेळ,
नळाला नाही थेंब, सुरू झाला खेळ, जी जी रं जी"

पुढे सेक्रेटरी गच्चीवर लपला असं कडवं होतं, सेक्रेटरी समोरच बसलेला. तुमच्या त्या सात टीनएजर मंडळींना हे काम द्या, वर कुणी बघायला येणार नाही असं सांगा, दार लावून घ्या.

तळ्याकाठची
(दीड महिन्यानं) मंडळी, झालं! उशिरा लिहितेय माफ करा, आल्यावर आठवडाभर मांड्या धरल्या होत्या.

शेवटी चारच ठेवलं. लेझीम-हलगी, फुगडी, संबळ, पोवाडा. काय काय बिघडलं ते आधी सांगते. शनिवारी दुपारी जेवणानंतर दोन वाजता लेझीम ठेवली हा माझा मूर्खपणा, पिठलं-भाकरी आणि वर खीर खाऊन कोण उड्या मारणार, निम्मे लोक चटईवर आडवे, हलगीवाले दादा बिचारे एकटेच वाजवत होते. साडेचारला परत सुरू केली तेव्हा जमली. आणि ओसरीवर, तुम्ही म्हणालात तसा तो छन्न् खरंच आला, पण आमच्याकडे अडीच तासांनी आला. एका मुलाच्या बोटाला साखळीचा चिमटा बसला, थोडं रक्त आलं, पुढच्या वेळी दोन हात अंतर ठेवून उभं करणार. डीजे लागला, हो, रिकामटेकडा यांना सलाम, साडेनऊ ते दहा.

संबळचे काका आणि त्यांचे वडील दोघं आले, शुक्रवारी रात्रीच. आजोबा फारसे बोलले नाहीत. शनिवारी सकाळी उठून बघते तर ओट्यावर आजोबा आणि शेजारी आमचा सगळ्यात नाठाळ पंधरा वर्षांचा मुलगा, कानात इअरफोन नाही, आणि आजोबा त्याचा हात धरून वाकडी काठी कशी नुसती मनगटातून सोडायची ते दाखवतायत. संबळ वाजतही नव्हतं, सगळे झोपलेले म्हणून ते पोरगं उशीवर वाजवत होतं. अर्धा तास मी चहाचं आधण तसंच ठेवून खिडकीतून बघत राहिले, आधण आटलं.

पोवाडा सात जणांनी दार लावून केला. विषय आमचा व्हॉट्सॅप ग्रुप. त्यातली कडवी इथे लिहिण्यासारखी नाहीत, दोन काकू अजून बोलत नाहीयेत माझ्याशी.

फुगडीचं म्हणाल तर ७६ चे आजोबा आणि त्यांची धाकटी बहीण, मनगटं धरून दोन फेऱ्या. आजी म्हणाल्या सत्तावन्न वर्षांनी घातली. मग त्या बसल्या आणि बराच वेळ हात चोळत होत्या, मला वाटलं लागलं, विचारलं तर म्हणे नाही गं, असंच.

गडहिंग्लजचा_गडी
वा! लेझमा कुठून आणल्या? विकत का भाड्यानं? आमच्या मंडळाला पण पाहिजेत.

तळ्याकाठची
एका शाळेतून उसन्या मिळाल्या, साठ, प्रत्येकीवर रंगानं नंबर टाकलेले. परत करताना ५८ भरल्या. १७ नंबर आणि ४३ नंबर गायब. ग्रुपवर तीनदा टाकलंय की आपापल्या डिक्क्या बघा, सगळे अंगठा दाखवतायत, डिकी कोणी उघडत नाहीये. १७ वाली आमच्याच चौथ्या मजल्यावर आहे असा मला संशय आहे, काल रात्री साडेनऊला वरून आवाज आला.